रेनकोट उन्हाळ्यात मरतात

आमच्या गल्लीत रविवारी सकाळी भंगारवाला येतो. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, फुटकी बादली, बिघडलेला पंखा, जुनी बॅटरी, काहीही द्या, काट्यावर टाकतो आणि तोंडी हिशेब सांगतो. मे महिन्याच्या शेवटी बहीण आणि भाची धुळ्याला आल्या होत्या, पावसाआधीची आवराआवर चालली होती. भाचीनं रद्दीच्या गठ्ठ्यावर स्वतःचं निळं रेन जॅकेट ठेवलं. भंगारवाल्यानं गठ्ठा उचलला, जॅकेट बाजूला काढलं, बाहीचं कापड चिमटीत धरून चोळून पाहिलं आणि तिच्या हातात परत दिलं. "हे नाही चालत ताई. हे कापडातबी जात नाही अन् प्लॅस्टिकातबी जात नाही." गाडी पुढे गेली. जॅकेट ओट्यावर राहिलं.

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वस्तू नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस तो, आणि त्यानं नेमकं सांगितलं होतं. वरून नायलॉनचं कापड, त्याला आतून घट्ट बसवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा, शिवणींवर उष्णतेनं चिकटवलेली पट्टी. एकमेकांत असे बसवलेले थर पुन्हा सुटे करणं फार अवघड, त्यामुळे वितळवून त्याचं दुसरं काही बनवणं होत नाही. रद्दीचा पुन्हा कागद होतो, पत्र्याचा पुन्हा पत्रा होतो. रेनकोटाला दोनच जागा आहेत, माणसाच्या अंगावर किंवा उकिरड्यावर. अंगावर तो जितकी वर्षं राहील तितकी खरी, बाकी सगळी वर्षं तो मातीत तसाच पडून राहणार.

भाची अक्राणी तालुक्यात उपकेंद्रावर नर्स आहे. धडगावच्या पुढे गाडी जाते तिथवर दुचाकी, मग पायी. पाडे एका डोंगरावर एक, मध्ये दरी. लसीचा डबा आणि रजिस्टरची पिशवी कायम खांद्यावर. हे जॅकेट तिनं स्वतःच्या पगारातून घेतलं होतं, आणि आमच्या घरात इतक्या किमतीचा रेनकोट कधी कुणी घेतलेला नव्हता. "मामा, आता त्याचा उपयोग नाही," ती म्हणाली. "घाट चढून पाड्यावर पोचते तोवर कुर्ता अंगाला चिकटलेला असतो. सगळं आत येतं." बहिणीनं निकाल दिला, "फेकी दे आते. काय ठेवी राहिनी तेले?"

मी ग्लासभर पाणी घेऊन ओट्यावर बसलो. छातीवर चेनच्या बाजूला थोडं पाणी ओतलं. थेंब गोल राहिले, घरंगळत खाली गेले, कापड कोरडं. मग खांद्यावर ओतलं, जिथे पिशवीचा पट्टा बसतो तिथे. पाणी क्षणभर उभं राहिलं, मग बसलं, पसरलं, आणि निळा रंग गडद होत गेला. मनगटाशी तेच, टोपीच्या पुढच्या कडेला तेच. मग खांद्याचंच कापड ओंजळीत खोलगट धरून त्यात उरलेलं पाणी ओतलं आणि खालून आतल्या पांढऱ्या बाजूला बोट लावलं. कोरडं. स्वयंपाकघरात चहा उकळून गाळून होईपर्यंत तसाच धरून बसलो, पुन्हा बोट फिरवलं. कोरडंच.

म्हणजे जॅकेट गळत नव्हतं.

हे भाचीला पटवायला वेळ लागला, कारण तिचा कुर्ता तर खरोखरच भिजत होता. अशा जॅकेटात दोन वेगवेगळी माणसं दोन वेगवेगळी कामं करत असतात, असं मी तिला सांगितलं. आतला पापुद्रा पाणी अडवतो. बाहेरच्या कापडावर वेगळी प्रक्रिया केलेली असते, ती पाणी झटकते, अळूच्या पानावर थेंब टिकत नाही तसं. पापुद्रा बरीच वर्षं टिकतो, ही वरची प्रक्रिया मात्र घासण्यानं, घामानं, मळानं आणि चुकीच्या साबणानं लवकर मंदावते. मग कापड पाणी पितं. पापुद्र्याच्या बाहेर ओल्या कापडाचा गार, जड थर बसतो आणि अंगातून निघालेली वाफ तिथेच अडते. आतल्या बाजूला तिचं पाणी होतं. घाट चढणाऱ्या माणसाला केवढा घाम येतो ते तोरणमाळची चढण पायी चढलेल्या कुणालाही विचारा. बाहेरचा पाऊस बाहेरच असतो आणि माणूस स्वतःच्याच घामानं भिजून गारठतो. कोट गळतो असं आपण म्हणतो आणि फेकून देतो.

वाफ जाऊ देणारं पण पाणी न येऊ देणारं कापड ही तशी अलीकडची गोष्ट. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर या माणसानं टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणून पाहिली, ती तुटत राहिली. मग त्यानं एकदम हिसडा दिला आणि ती कित्येक पट लांब झाली. ताणलेल्या त्या पदार्थात इतकी बारीक छिद्रं तयार झाली होती की पाण्याचा थेंब त्यातून शिरत नाही पण वाफ निघून जाते. गोरटेक्स ते हेच. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जॅकेटांत मात्र पॉलियुरेथेनचा थर असतो. काहींत छिद्रं असतात, काहींत छिद्रंच नसतात आणि ओलावा पदार्थातूनच पलीकडे सरकतो. भाचीचं दुसऱ्या जातीचं. हे सगळं तिला एका दमात सांगितलं आणि तिनं नर्सला शोभेलसा एकच प्रश्न विचारला. "मग उपचार काय?"

उपचाराआधी मला माझे वडील आठवले. त्यांचा रबराचा काळा कोट होता, डकबॅकचा. कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली स्वदेशीच्या भरात काढलेल्या कारखान्याचा माल. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मधे रबर बसवण्याचं पेटंट घेतलं, त्या घराण्यातला तो कोट. वडील सायकलवरून खेड्यातल्या शाळेत जायचे. कोटाला एक उग्र वास होता, पावसाळाभर तो दाराशी खुंटीवर लटकायचा आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी तो वास भेटायचा. आतून घाम निथळायचा, त्याची तक्रार वडिलांनी कधी केली नाही, कोट म्हटलं की घाम आलाच. पण पाऊस संपला की ते कोट ओल्या फडक्यानं पुसायचे, पडवीत सावलीला चांगला वाळू द्यायचे आणि मग डब्यातलं शंखजिरं हातावर घेऊन आतून-बाहेरून, बाह्यांच्या घड्यांत, कॉलरखाली चोळायचे. रबर रबराला चिकटू नये म्हणून. मग जाड लाकडी हँगरवर अडकवून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, मातीच्या भिंतीला. घडी घालायची नाही, उन्हाजवळ ठेवायचा नाही, तेलाचा हात लावायचा नाही. आम्हा मुलांना त्या कोटाला हात लावायची बंदी नव्हती, पण डोक्याला तेल लावल्यावर मात्र होती.

त्यांच्याही आधी आजोबांची घोंगडी. साक्री तालुक्यात ठेलारींची मेंढरं फिरतात, त्यांच्या लोकरीची, काळी, चिंचोक्याच्या खळीनं कडक केलेली. पावसात डोक्यावरून खोळ करून आजोबा शेताच्या बांधावर उभे राहायचे, घोंगडीच्या केसांवर थेंब लोंबत असायचे. मेंढीच्या लोकरीत मुळातच मेणासारखा चिकट अंश असतो, त्यामुळे पाणी लगेच शिरत नाही, आणि शिरलं तरी लोकर आतून ऊब सोडत नाही. "घोंगडीले साबन लावाना नही," हे आजोबांचं वाक्य घरात कायद्यासारखं होतं. झटकायची, वाऱ्यावर टाकायची, चिखल वाळला की काठीनं झाडायची. साबणानं लोकरीतलं मेण निघून जातं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण धुतलेली घोंगडी पुढच्या पावसात लोळागोळा होते हे त्यांनी पाहिलेलं होतं. ज्यांच्याकडे घोंगडी नव्हती ते युरियाच्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ करायचे, आणि निंदणीला आलेल्या बायांची रांगच्या रांग पांढऱ्या खोळींची दिसायची. ती खोळ अजूनही दिसते.

या दोघांकडे कोटाची जी रीत होती ती आपल्याकडे का राहिली नाही, याचा मी बराच विचार केला. एक कारण मला आमच्या पावसातच दिसतं. धुळे, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात पाऊस ही वाट बघण्याची गोष्ट आहे. रोहिणी कोरडी जाते, मृगाकडे डोळे लागतात, मृग गेला की आर्द्रा. गावात धोंडी काढायची वेळ येते. अशा मुलखात पहिला पाऊस अंगावर घेतात, पहिल्या पावसात रेनकोट घालणारा माणूस आम्हाला बघवत नाही. मलाही नाही. भिजलेल्या काळ्या मातीचा वास येत असताना अंगावर प्लॅस्टिक चढवणं मला आजही जड जातं. त्यामुळे रेनकोट इथे जपायच्या वस्तूंत धरलाच जात नाही. वर्षातून थोडे दिवस लागणारी चीज, बाकी दिवस गाडीच्या डिक्कीत. पण खानदेश एवढाच नाही. शहादा, तळोदा मागे टाकून सातपुडा चढलात की पाऊस वेगळा, धुकं वेगळं. नवापूरकडे तर सूर्य दिसेनासा होतो. जी माणसं नोकरीसाठी इकडून तिकडे जातात ती कोट जपण्याची सवय मात्र इकडची घेऊन जातात.

आणि इकडची सवय म्हणजे डिक्की.

परतीचा पाऊस येऊन जातो, दमट कोट घडी करून डिक्कीत जातो. कॉलरला घाम, टोपीला खोबरेल, मनगटाला ऑइलचा डाग. वरून ऑक्टोबरचं ऊन, खालून इंजिनाची धग. दिवाळी, थंडी, भरीताचे दिवस सरतात, कोट तिथेच. मार्चपासून झळा सुरू होतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपार जातो, धुळ्यालाही काही कमी नसतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर काय होत असेल ते हात घालून बघा. पॉलियुरेथेनला ओल आणि उष्णता दोन्ही मिळाली की त्याच्या साखळ्या तुटू लागतात. थर आधी चिकट होतो, मग आंबूस वास धरतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. शिवणीवरच्या पट्टीचा गोंद सैल होतो. साधा पीव्हीसीचा कोट असेल तर त्याला मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू निघून जातो, कोट कडक होतो आणि घडीच्या रेषेवरच चिरतो. जूनमध्ये पहिल्या सरीला डिक्की उघडली की घरोघरी एकच उद्गार ऐकू येतो, अरे, मागच्या वर्षी तर चांगला होता! मागच्या वर्षी तो चांगलाच होता. पावसानं त्याला काही केलं नाही. तो एप्रिल-मेमध्ये गेला.

म्हणून मी म्हणतो की आमच्याकडे रेनकोट उन्हाळ्यात मरतात, आणि ते मरताना कुणी बघत नाही.

भाचीचं जॅकेट त्यातून वाचलं होतं, कारण तिच्या खोलीचं छप्पर कौलारू आणि जॅकेट दाराशी खिळ्याला टांगलेलं. त्याचं नुकसान दुसऱ्याच बाजूनं झालं होतं. पहिल्या वर्षी तिनं भीतीपोटी ते धुतलंच नाही. धुतलं की खराब होईल ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती उलटी आहे. मळ आणि घाम कापडात बसले की तेच पाणी धरून ठेवतात. नंतर कधीतरी तिनं ते चादरींबरोबर मशीनमध्ये टाकलं, नेहमीची पावडर आणि वर कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव. त्या द्रवाचा थर कापडावर राहतो आणि पाण्याला आत बोलावतो. पावडरीचंही तसंच. साबणाचं कामच पाण्याला कापडात शिरवायचं, ते नीट खळबळलं नाही तर वाळल्यावरही काम करत राहतं. शिवाय असं कापड मशीनमध्ये पिळायला लावणं धोक्याचं असतं, त्याच्या पोटात पाणी अडकून राहतं आणि ड्रम वेगात असताना तोल जातो. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

मग आम्ही धुवायला बसलो. आधी आतल्या लेबलावरच्या खुणा वाचल्या, टबाची, इस्त्रीची, फुल्या कशावर आहेत त्या. सगळ्या चेन लावल्या, मनगटाचे चिकटपट्टे बंद केले, खिसे झटकले. एका खिशातून शाई पसरलेली लसीकरणाची चिठ्ठी निघाली. बोरचं पाणी बाजूला ठेवलं. आमच्या बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि कपड्यावर पांढरा थर बसतो. नळाचं साठवलेलं पाणी घेतलं, ते हाताला जेमतेम कोमट लागेल एवढं केलं. अशा कपड्यांसाठी वेगळे द्रव साबण मिळतात, निकवॅक्सचा किंवा ग्रेंजर्सचा, मागवावे लागतात. ते नसतील तर रंग-वास नसलेला सौम्य द्रव साबण, अगदी थोडा. जॅकेट टबात दाबून-सोडून हलवलं. आपटायचं नाही, पिळायचं नाही, कडक ब्रश नाही. कॉलरवर आणि टोपीच्या कडेवर मात्र भाची मऊ टूथब्रश घेऊन कितीतरी वेळ बसली होती, कारण तिथे खोबरेल तेलाचा काळपट पट्टा जमला होता. तेल आतल्या थराला लागू द्यायचं नाही, हे वडिलांच्या कोटालाही खरं होतं आणि यालाही खरं आहे. पाणी मातकट झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं.

खळबळताना मला संकोच वाटू लागला. मे महिना, नळाला रोज पाणी नाही, टाकी अर्ध्याखाली आणि मी एका रेनकोटावर बादल्या रित्या करतोय. बहीण दारातून बघत होती. ती काही बोलली नाही, पण आम्ही दोघंही त्याच घरात वाढलोय जिथे तांदळाचं धुवण तुळशीला जायचं. साबण पूर्ण निघाल्याशिवाय धुण्याला काही अर्थ नव्हता, म्हणून थांबताही येईना. शेवटच्या बादल्यांचं पाणी जवळजवळ निर्मळ होतं, ते अंगणातल्या कडुनिंबाला घातलं. पावसाचा कोट धुवायला पाणी असतं तेव्हा, म्हणजे पाऊस संपता संपता, धुतला पाहिजे हे मला त्या टबाशी बसून जितकं कळलं तितकं कुठे वाचून कळलं नसतं.

वाळायला तासही लागला नाही, पडवीच्या सावलीत, हँगरवर. उन्हात टाकला नाही, नायलॉन उन्हानं झिजतं आणि रंगही उडतो. मग इस्त्री. अमेरिका-युरोपात ड्रायर असतो, कमी उष्णतेवर थोडा वेळ फिरवतात. आपल्याकडे इस्त्री आहे. लेबलावर एक टिंब असलेली इस्त्रीची खूण होती, म्हणजे सगळ्यात कमी तापमान, वाफ नाही. वडिलांच्या धोतराचा तुकडा वर पसरून हळूहळू फिरवली. वरच्या प्रक्रियेतले कण घासून, मळून आडवे पडलेले असतात, उबेनं ते पुन्हा उभे होतात आणि थेंब झटकू लागतात. मला यात फार समाधान वाटलं, की जी उष्णता माळ्यावर कोटाला मारते तीच मोजून-मापून दिली तर त्याला उठवते. पुन्हा पाणी ओतलं. पाठीवर, बाह्यांवर थेंब पळाले, भाचीनं हातानं ते इकडून तिकडे पळवून पाहिले. खांदे मात्र अजून पाणी पीत होते. तिथलं मूळचं निघून गेलेलं होतं, उबेनं उठायला काही उरलं नव्हतं. त्यासाठी फवारा मागवला. ओलसर कापडावर बाहेरूनच मारायचा, जास्तीचा फडक्यानं टिपून घ्यायचा, वाळवायचा, लेबल परवानगी देत असेल तर पुन्हा ऊब द्यायची. धुण्यात मिसळायचा प्रकारही मिळतो, पण आतून अस्तर असलेल्या जॅकेटाला फवाराच बरा. अस्तरानं घाम शोषायचा असतो, झटकायचा नसतो.

फवारा निवडताना मात्र मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. पाणी आणि तेल दोन्ही झटकणारी सगळ्यात जबर प्रक्रिया फ्लोरिनवाल्या रसायनांची. वर्षानुवर्षं जगभरच्या जॅकेटांवर तीच होती. पण ती रसायनं निसर्गात मोडत नाहीत. कपड्यावरून सुटतात, पाण्यात जातात, प्राण्यांच्या आणि माणसांच्या रक्तात सापडतात. त्यातलं पीएफओए हे २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं आणि मोठ्या कंपन्याही हळूहळू फ्लोरिन सोडून मेण, सिलिकॉन अशा पर्यायांकडे वळल्या. हे पर्याय पाणी झटकतात, तेल नाही, आणि लवकर मंदावतात. म्हणजे कोट जास्त वेळा धुवायचा, जास्त वेळा फवारायचा. भाचीच्या पाड्यांवरचं पाणी नर्मदेला जातं, आमचं पांझरेतून तापीला. झऱ्याचं पाणी पिणाऱ्या माणसांकडे लस घेऊन जाताना अंगावरून असलं काही गळत जावं हे तिला नको होतं, मलाही नको होतं. फ्लोरिन नसलेलाच फवारा घेतला. दरवर्षी द्यावा लागेल, तर देऊ. घोंगडीतलं मेणही काही कायमचं नव्हतं.

आर्द्रात तिचा फोन आला. जॅकेट आधीसारखं जड होत नाही, पाड्यावर पोचून उभी राहिले की थंडी वाजत नाही. पाठ मात्र चढणीवर अजून ओली होते. ती होणारच, मी म्हणालो. हवेतच एवढी ओल असताना अंगातली वाफ बाहेर जायला जागा नसते, मग कोट कितीही महाग असो. काखेतल्या चेन उघड्या ठेवायच्या, चढताना टोपी मागे टाकायची, सुती कुर्त्याऐवजी लवकर वाळणारं काही आत घालायचं. आणि पट्ट्याखाली खांद्याच्या आतल्या बाजूला एक फोड दिसतेय असं ती म्हणाली. तिथे थर सुटायला लागलाय. त्यावर उपाय नाही. शिवणीची पट्टी सुटली तर पुन्हा चिकटवता येते, बारीक भोकाला आतून ठिगळ लागतं, पण थरच कापड सोडू लागला की तो परत बसत नाही. त्या दिवशी जॅकेट खरंच संपेल, आणि मग पाठीचा शाबूत भाग कापून रजिस्टरांना पिशवी शिवता येईल. अजून दोन-तीन पावसाळे तरी तो दिवस येऊ नये.

तिच्याबरोबर काम करणाऱ्या आशाताईंना हे सगळं ऐकून उत्सुकता वाटली. त्यांचे कोट साधे, पीव्हीसीचे, तालुक्याच्या बाजारातून घेतलेले. खरं तर सगळ्यात जास्त पावसात असतात ती माणसं असलेच कोट घालतात. दूधवाले, वायरमन, पेपर टाकणारी पोरं, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर. त्यांना कुणी लेबल वाचून दाखवत नाही, आणि त्यांच्या कोटाला तसं लेबलही नसतं. त्या कोटांची काळजी सोपी आहे. ओल्या फडक्यानं पुसायचं, आत-बाहेर सावलीत पूर्ण वाळवायचं, उलटसुलट शंखजिरं किंवा साधी टाल्कम पावडर लावायची, घडी न घालता टांगायचं, डिक्कीत अजिबात नाही. रॉकेल-पेट्रोलनं डाग काढायचे नाहीत. इस्त्री तर मुळीच नाही. एवढं केलं तरी जो कोट दरवर्षी नवा घ्यावा लागतो तो बरेच पावसाळे काढतो, आणि त्यांच्या मिळकतीत ती रक्कम लहान नाही.

आमच्या घरी खंडेनवमीला अजूनही अवजारं धुऊन पुसून मांडतात. विळा, कुऱ्हाड, पांभर, वखराची पास, वडिलांची सायकल होती तेव्हा ती, आता स्कूटर. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, विहिरींना पाणी असतं, ऊनही अजून भाजत नसतं. ज्या वस्तूनं वर्षभर काम केलं तिला त्या दिवशी पाणी, तेल आणि हळदकुंकू मिळतं. रेनकोट त्या पाटावर कधी मांडला गेला नाही, आणि मला तो यंदा मांडायचा आहे, अर्थात तेल सोडून. भाचीला सांगितलं की नवमीला सुट्टी काढ आणि जॅकेट घेऊन ये, आशाताईंचेही कोट आण, सगळे एकदम करू. तिनं तारखा लिहून घेतल्या, रजेचा अर्ज आधीच देते म्हणाली. फोन ठेवता ठेवता मला बजावलं, "मामा, त्यांचे पीव्हीसीचे आहेत बरं का. तुम्ही उत्साहात इस्त्री तापवून बसाल."